वसंताचे उंदीर जगले होते

मंडळी, कोपरीतली आपली सगळी वाडी आज शाळेच्या या हॉलमध्ये आली आहे. वसंता असता तर म्हणाला असता, "मास्तर, माझ्या बोलावण्याला कधी एवढी माणसं आली नव्हती." खरंच आहे ते. शेजारी म्हणून, वयाने मोठा म्हणून मला बोलायला सांगितलंय. पण जीभ रेटत नाही. दुःख आहेच. त्याहून जास्त लाज वाटते आहे.

कुसुम, तू समोर बसली आहेस. तुझ्या नवऱ्याला आत्ता सगळ्यांनी हुशार म्हटलं, साधा म्हटलं. जिवंतपणी आपण त्याला उंदीरमामा म्हणायचो, हे कुणी बोललं नाही. बोला की.

तो प्रयोगशाळेत काय करायचा, हे तरी आपण कधी विचारलं? खाडीतल्या शिंपल्यांत, शिवल्या-कालवांत कधीकधी आपसूक विष येतं. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवर त्या जगतात, त्यांतून येतं. वासाला कळत नाही, चवीला कळत नाही, शिजवून जात नाही. मग वसंता शिवलीचं मांस कुटायचा, किंचित आम्ल घातलेल्या पाण्यात उकळायचा, गाळायचा आणि तो अर्क पांढऱ्या उंदराच्या पोटात टोचायचा. तुलनेला एका उंदराला नुसतं आम्लाचं पाणी. मग घड्याळ धरून बसायचं. विष असेल तर उंदीर धापा टाकत मरतो. किती लवकर मेला, त्यावरून विषाचं प्रमाण. झालं, एवढ्यावर आपण त्याला हसायचो.

आणि मग ती धुळवड. वाडीचं जेवण, खाडीवरून विकायला येणाऱ्या हिराबाईच्या टोपलीतल्या शिवल्या, वर सोलकढी, आणि पानावरून उठायच्या आत उलट्या. विषाने चांदी काळी पडते म्हणून आपल्या वडीलधाऱ्या बायकांनी उरलेल्या रश्शात चांदीचा चमचा बुडवला. चमचा काळा पडला. झाला न्याय. हिराबाई म्हणत होती, "मी काय इखाच्या शिवल्या इकीन? माजी पोरा बी त्याच खातान." कोण ऐकतो? तिची टोपली गटारात गेली आणि वाडीचं दार तिला बंद झालं.

वसंताने उरलेला रस्सा नेला, गटारातल्या शिवल्याही वेचून नेल्या. तपासून आला आणि बैठकीत उभा राहिला. मला त्याचे शब्द आठवतात. "एकही उंदीर मेला नाही. शिवली कायमची निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. या शिवल्यांत मला विष सापडलं नाही, एवढंच म्हणतो. आणि चांदीचं म्हणाल तर चमचा उकडलेल्या अंड्यातही काळा पडतो. घरी करून बघा."

कुणीतरी विचारलं, "मग उलट्या कशाने झाल्या?"

तो म्हणाला, "सोलकढी कळकली होती. पातेल्याची कल्हई गेलीय, आंबटाने पितळ उतरलं तिच्यात."

मंडळी, आठवा ती बैठक. पातेलं वाडीचं, सामाईक. कल्हईची पाळी कुणाची होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि नाव कुणालाच घ्यायचं नव्हतं. शेजारधर्म! शेवटी ठरलं की उंदरांचा काय भरवसा. पातेल्याला मात्र दुसऱ्याच दिवशी गुपचूप कल्हई झाली.

त्यानंतर दर बैठकीत वसंता एकच मागायचा. "वाडीने एकदा हिराबाईला सांगावं, चूक आमची होती." दर वेळी आपण म्हणायचो, पुढच्या बैठकीत बघू. परवा छातीत कळ आली आणि तो गेला. आता कुठली पुढची बैठक?

मी आता तुम्हाला श्रद्धांजलीसाठी उभं राहायला सांगणार होतो. पण थांबा. बाहेर व्हरांड्यात हिराबाई बसली आहे. बातमी कळल्यावर खाडीवरून चालत आली. आत खुर्च्या रिकाम्या आहेत आणि तिला कुणी ये म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं. चपला काढल्या आणि तिच्या शेजारून आत आलो.

दाराशी बसलेल्यांनो, तिला आत आणा. इथे, कुसुमशेजारी बसवा.

या हिराबाई. बसा. तुमच्या शिवल्यांचा दोष नव्हता. पातेलं आमचं होतं. हे वसंताच्या कानांवर पडायला हवं होतं, तो असताना.

आता उभे राहू या, मंडळी. आणि मान खालीच असू द्या.