टाकीवरचा गरुड

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या शिक्षिकेला आता कानांचाच काय तो आधार होता, आणि शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको दबक्या आवाजात भांडत होते.

"अहो, फोन करा आणि सांगून टाका."

"काय सांगू? गरुड प्लास्टिकचा आहे म्हणून?"

"हो! कबुतरं येऊ नयेत म्हणून सोसायटीने पाण्याच्या टाकीवर बसवलाय तो. काल वॉचमन त्याला फडक्याने पुसत होता, मी स्वतः पाहिलं."

"अगं, माझ्या सांगण्यावरून चाळीस पक्षीवेडे सकाळपासून दुर्बिणी लावून उभे आहेत तिथे!"

"म्हणूनच म्हणते. उद्या पेपरात फोटो आला की तोंड कुठे लपवाल?"

"बत्तीस वर्षं ऑफिसात माझं कुणी ऐकलं नाही गं. तिथे मी नुसतं बोट दाखवलं की चाळीस माना वळतात. आणि सगळे चिडीचूप! आपल्या घरात तरी होतं का असं कधी?"

"तुमच्या वहीत लिहिलंय, 'अत्यंत संयमी पक्षी.' आठ दिवस जागचा हलला नाही मेला, तरी तुम्हाला शंका येऊ नये? लावा फोन."

शिक्षिका मिटल्या डोळ्यांनीच बाकाच्या त्यांच्याकडच्या टोकाला सरकली.

"हॅलो, पक्षीमित्र मंडळाचे सचिव ना? ऐका, माझी चूक झाली. तो गरुड खोटा आहे, प्लास्टिकचा... अहो, खात्रीने सांगतोय... हं?... हं... बरं."

"काय म्हणाले? चिडले का?"

"छे. म्हणाले, आत्ताच त्याने पंख झाडले, सगळ्यांनी पाहिलं. काका, तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या."