शहाण्णव चौरस फूट

नाही हो ताई, छत तिकोनी आहे ना, मग ती तिरकी कड नको — पायापासून टोकापर्यंतची सरळ उंची सांगा. बारा? बरं. आणि पाया सोळा. सोळा गुणिले बारा, त्याचं निम्मं — शहाण्णव चौरस फूट. पण तेवढंच कापड आणलं की झालं का? नाही ना! तिन्ही कडांना दुमड लागते, कोपऱ्यांना तर दुहेरी, कारण दोरी बांधायची कडी तिथेच बसते, सगळा ताण तिच्यावर — काय म्हणालात? माप मीच घ्यायचं, दादाला घेऊ द्यायचं नाही? हं. ऐकलंय म्हणजे तुम्हीही — बालवाडीच्या अंगणातलं आम्ही शिवलेलं छत वाऱ्यानं फाटलं, कडी उपटली आणि खांब तिथल्या बाईंच्या खांद्यावर पडला. मुलं वर्गात होती म्हणून बरं, नाहीतर — नको, आठवलं तरी अंगावर काटा येतो.

पण माझ्या भावाला बोल लावू नका हं! तीस वर्षं छतं शिवतोय, कधी एक टाका उसवला नाही. त्या अपघातानंतर एक गिऱ्हाईक त्याच्या तोंडावर असंच म्हणालं — तुम्ही नको, बहिणीला माप घेऊ दे. त्यानं कात्री ठेवली आणि माडीवर जाऊन बसला. महिना झाला, खाली उतरला नाही. कापडच कमी पडलं तर तो तरी काय दुमडणार, सांगा ना? — कमी का पडलं? अहो, नेमकं आणलं म्हणून! गणित बरोबर होतं, निम्मं केलं, दोनदा तपासलं, मोठी ऐट होती मला माझ्या गणिताची — दुमड तेवढी धरायची राहिली. तो म्हणालाही, अगं, कोपरे एकेरी राहतायत. मी म्हटलं, चालतंय रे दादा, उद्या द्यायचंय, शिव तू...

हो. मीच. बाईंच्या घरचे दारात आले तेव्हा तो पुढे झाला, माप माझं म्हणाला — आणि मी मशीनपाशी उभी, त्याला म्हणू दिलं. लाज वाटते हो, फार वाटते. रोज ताट घेऊन जिना चढते, तो जेवेपर्यंत समोर बसते, आणि खाली येऊन तुमच्यासारख्यांना मापं काढून देते.

दादा! — नको, त्याला हाक नको, तो अडवेल मला. उठा ताई, तुमचं छत उद्या बघू. मला बाईंच्या घरी जायचंय. आत्ता.