विषय : आजोबांच्या मुक्कामाबाबत

...नाही, तुम्हीच सांगा, जन्मदात्या बापाला इकडे परदेशात आपल्या घरी बोलवायचं, तर पहिला प्रश्न काय असावा? कधी येणार, असा असावा. जिना चढवतो का, उशी एक लागते की दोन, असा असावा! पण छे. जो उठतो तो एकच विचारतो, "परत जाणार ना?" फॉर्मवर तेच, वेबसाइटवर तेच, फोन लावला तर अर्धा तास पिपाणी ऐकवून झाल्यावर जी बाई बोलते तिचंही तेच! अहो, माणूस अजून निघालेला नाही, बॅग माळ्यावरून खाली आलेली नाही, आणि यांचं आपलं, परत जाणार ना? कशावरून? पुरावा काय?

तुम्हाला सांगते, हे सगळं मी अंगावर घेतलं ते एका चित्रापायी. आमची भिंगरी, म्हणजे माझी मुलगी, सात वर्षांची, एका जागी पाच मिनिटं बसली तर आम्ही ताप आहे का बघतो, म्हणून भिंगरी... तर तिला शाळेत सांगितलं, घरातली माणसं काढा. काढली. मी, तिचे पप्पा, ती. आणि वर कोपऱ्यात एक भलंमोठं कपाळ, दोन भुवया आणि एक पंखा. बाईंनी विचारलं, हे काय गं? तर म्हणे, "हे माझे आजोबा." खरंच आहे हो तिचं! बाबा फोन असा काही धरतात, की आम्ही त्यांना अख्खे दिसतो आणि आम्हाला दिसतं त्यांचं कपाळ आणि छताचा पंखा. "बाबा, फोन जरा तिरका करा." करतात. मग कपाळही जातं, नुसता पंखा उरतो. सात वर्षं पंख्याशी गप्पा मारतोय आम्ही! तर ते चित्र घेऊन घरी आली आणि मला विचारते, "आई, आजोबांना पाय आहेत?" मी आधी हसले. मग मोरीत जाऊन रडले. आई गेल्यापासून माझा बाप तिकडे एकटा, आणि इकडे नातीला त्याला पाय आहेत की नाहीत ते ठाऊक नाही. म्हटलं, बस्स. आणायचंच.

आता आमचे बाबा म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत. काम एकच. आलेला अर्ज वाचायचा आणि त्यात त्रुटी काढायची. हातात लाल पेन. लोक देवाला घाबरत नसतील एवढे त्या पेनाला घाबरायचे! आणि घरी काही वेगळं होतं का? नाव नको! मला शाळेच्या सहलीला जायचं असलं तर तोंडी विचारून भागायचं नाही. "बोललं ते वाऱ्यावर, लिहिलं ते कागदावर. अर्ज कर." मी आठ वर्षांची पोर, जीभ बाहेर काढून अर्ज लिहायची, 'विषय : सहलीला जाऊ देण्याबाबत', आणि तो अर्ध्या तासात परत! लाल शेरा, 'दिनांक नाही.' आई बिचारी म्हणायची, "अहो, सहल होऊन जाईल!" तर म्हणे, "तर मग अर्ज निकाली निघाला."

अशा माणसाला मी निमंत्रणाचं पत्र धाडलं. चार पानी! 'बाबा, फार आठवण येते' वगैरे. आठवड्यात परत! शेरे तीन. 'आठवण येते – केव्हापासून, नमूद नाही.' 'नातीचे वय अंकात व अक्षरात लिहावे.' आणि तिसरा, 'मुक्कामाची मुदत दिलेली नाही.' आता मुदत कशी देऊ हो? बापाला 'या' म्हणतानाच 'अमुक तारखेला निघा' म्हणू? कुठल्या तोंडाने? तर बाबांच्या गावातला व्हिसावाला, बाबांना काका म्हणतो, मला ताई म्हणतो, जगात सगळ्यांचं कोणी ना कोणी लागतो तो, त्याचा फोन. "ताई, काका बरोबर बोलतायत. जायची तारीख आधी. ती लोकं बाकी काही बघत नाहीत, परत जाणार ना एवढंच बघतात." लिहिली तारीख. सहा महिन्यांची.

मग पुरावे! माणूस परत जाणार याचे पुरावे. घराचा कागद, पेन्शनचा कागद, विजेचं बिल, शेजाऱ्याचं पत्र. व्हिसावाला म्हणाला, दहा कागद पुरे. बाबांनी एकशे बारा लावले. पानांना नंबर, वर सूची, फायलीला फीत. मी म्हटलं, आता कोणाची बिशाद आहे नाही म्हणायची!

नामंजूर.

आ वासून बसले मी. एवढी फाईल, आणि नामंजूर? तेवढ्यात व्हिसावाल्याचा फोन, रडायचाच बाकी. "ताई, काकांनी काय केलं माहितेय? शेवटी एक कागद मला न दाखवता लावला! स्वतःवरच!" काय कागद? तर टिपणी! सवयच ना, फाईल पुढे पाठवायची तर खाली आपलं मत लिहायचं. तर या गृहस्थाने स्वतःच्या अर्जाखाली स्वतः लिहिलं, 'अर्जदार विधुर असून एकटा राहतो. एकुलती मुलगी व नात परदेशी आहेत. न परतण्याची शक्यता नाकारता येत नाही. निर्णयार्थ सादर.' खाली सही! दिनांकासह!

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात हे ऐकलं होतं, पण धोंड्याला नंबर घालून? मी फोन लावला. कपाळ आलं, पंखा आला. "बाबा! काय केलंत हे?" "काय केलं? टिपणीशिवाय फाईल पुढे जाते का कधी?" "पण नामंजूर झाला ना अर्ज!" "योग्यच झाला. मी असतो तरी नामंजूर केला असता. हुशार आहेत व्हिसा कचेरीतल्या त्या सही करणाऱ्या बाई."

चिडले, ओरडले, फोन आपटला. पण मग एक गोष्ट मनात आली आणि दोन दिवस काही सुचेना. हा माणूस खोटा शेरा मारत नाही हो. चौतीस वर्षांत नाही मारला. मग 'न परतण्याची शक्यता नाकारता येत नाही' हे त्यांनी लिहिलं ते... तोंडाने कधी बोलले असते का ते? मरेपर्यंत नाही!

दुसऱ्यांदा अर्ज केला. या वेळी व्हिसावाल्याने लाल पेन, निळं पेन, पेन्सिल, सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून. मुलाखत लागली. काचेमागे त्याच हुशार बाई. आणि प्रश्न काय? तिकडच्या बाजूने 'जाणार'चं 'येणार' झालं, एवढाच फरक. "आजोबा, परत येणार ना? कशावरून?" बाबा म्हणाले, "बाई, न येऊन सांगतो कुणाला? दर वर्षी पेन्शनसाठी मला कचेरीत जाऊन, मी जिवंत आहे, असा दाखला द्यावा लागतो. नाही आलो तर कागदावर मी मेलो. आणि कागदावर मेलेल्याला जिवंत करायला किती वर्षं लागतात ते मला विचारा, त्याच टेबलावर होतो मी." बाई म्हणे इतक्या हसल्या, की शेजारच्या खिडकीतला साहेब उठून बघायला आला. शिक्का! सहा महिने!

विमानतळावर भिंगरीने काय करावं? आजोबा दारातून आले, मी रडतेय, आमचे हे बॅग ओढतायत, आणि ही धावत गेली ती थेट त्यांच्या पायाशी उकिडवी बसली. बूट चाचपले. आणि सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल असं ओरडली, "आई, आहेत! दोन्ही आहेत!"

झालं. आता कुणालाही वाटेल, गोष्ट संपली. मलाही वाटलं. सहाव्या दिवशी सकाळी बघते तर बाबा आंघोळ करून, बूट घालून, बॅग भरून खुर्चीत. "काय हो बाबा?" "निघतो. नात पाहिली, जावई पाहिले, घर पाहिलं. काम झालं." "अहो, सहा महिने मिळालेत!" "मुदत म्हणजे कमाल मर्यादा. काम झाल्यावर टेबल अडवून बसू नये माणसाने. तुम्ही दोघं नोकरीवर जाता, माझ्यापायी धावपळ होते तुमची. दिसतं मला."

म्हणजे बघा, सगळ्या दुनियेला मी आठ महिने घसा फोडून सांगितलं की हा माणूस परत जाणार, जाणार, जाणार! एकशे बारा पुरावे दिले! आणि आता याच माणसाला 'जाऊ नका' म्हणायचं, तर त्याला कुठला फॉर्म असतो हो? कुठल्या खिडकीत मिळतो?

मी विनवलं, ह्यांनी विनवलं. ढिम्म! "बोललं ते वाऱ्यावर..." आणि माझ्या डोक्यात लख्ख! भिंगरीला कागद दिला. तिने जीभ बाहेर काढून लिहिलं, 'विषय : आजोबांनी राहण्याबाबत. कारण, मी तुम्हाला अजून नीट बघितलं नाही.' सोबत चित्र जोडलं. या वेळी पायांसकट. पायच मोठे, कपाळ एवढंसं! बाबांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. आतल्या खिशातून... हो, लाल पेन! इथपर्यंत आलं होतं ते! शेरा, 'दिनांक नाही.' तिने पळत जाऊन घातला. मग खाली लिहिलं, 'एक आठवडा मंजूर. पुढील मुदतवाढीसाठी नव्याने अर्ज करावा.'

एक आठवडा! परक्या सरकारने सहा महिने दिले, आणि सख्ख्या बापाने एक आठवडा!

तेव्हापासून दर रविवारी अर्ज. कारण दर वेळी नवं लागतं, जुनं चालत नाही. एकदा ह्यांनी लिहिला, तो त्रुटीत परत आला, 'मजकूर ठरावीक. मनापासून वाटत नाही.' बिचारे दुपारभर मनापासून लिहीत बसले होते. परवा बाबांची खोली आवरताना सगळे अर्ज सापडले मला, तारखेप्रमाणे लावलेले, फीत बांधलेली. कचेरीत फायलीवर लिहायचे ना, ही पाच वर्षांनी फाडावी, ही दहा वर्षांनी? या फायलीवर लाल अक्षरात होतं, 'कायम जतन करावी.'

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, एवढं आहे तर टाका ना एकदाच उरलेली मुदत मंजूर करून! कशाला दर आठवड्याला सगळ्यांना कामाला लावता?"

तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणतात, "वा! मग मला राहा म्हणून कोण विचारेल?"

आता बोला! आज रविवार आहे, अठरावा अर्ज आहे, आणि या खेपेला पाळी माझी आहे... पेन द्या बघू कुणीतरी. आणि हो, आज तारीख काय?