पितळी खुंटी

मनिलात दुरुस्तीच्या दुकानासमोर नेल्फा बिघडलेला प्रिंटर घेऊन रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारं जोडपं आपला संगणक टेबलावर ठेवून दुकानातल्या दुरुस्ती करणाऱ्या मुलीशी बोलत होतं.

“मदरबोर्ड नवा कोरा आहे पोरी, पण मनात आलं तरच चालू होतो.”

“जोडला कुणी, आजोबा?”

“मीच! अठ्ठावीस वर्षं प्रवाशांच्या जीपनी गाड्या दुरुस्त केल्यात.”

“टेबलाला धक्का दिला की चालू होतो. ह्यांना सांगून थकले मी.”

“लुर्देस, तू गप गं! तो काय जीपनी आहे, धक्का मारायला?”

“आजी बरोबर बोलतायत. बोर्डाखाली एक जादा पितळी खुंटी राहिलीय. ती टेकली की बंद, सुटली की चालू. ही बघा, काढली.”

“नक्की ना? चार वाजता आमच्या लेकीचं लग्न आहे, तिकडे मिलानला. आम्ही ह्याच्यावरच बघणार.”

“मग दहा वेळा चालू करून बघू.”

रांगच मोजायला लागली. नेल्फाचा आवाज सगळ्यांच्या वर. दहाव्या वेळीही पडदा उजळला आणि टाळ्या पडल्या.

“एवढ्या प्रेमानं मोजलंत, तर लग्नालाही चला. पातेलंभर शेवया केल्यात.”

“आजी, खरंच येऊ?” नेल्फाने विचारलं.

“मग! वऱ्हाड नको का?”

नेल्फाने प्रिंटर दुकानातच ठेवला आणि संगणकाची एक बाजू उचलून धरली.