कॅम्प पाचचा पत्ता

हसू नका, पण मला एकदा थेट इंग्लंडहून तंबू आला होता. म्हणजे, चित्रातला.

आमच्या उल्हासनगरात लछूकाकांचं रद्दीचं दुकान होतं. तिथे विलायतेची जुनी युद्धाची कॉमिक्स मिळायची. त्यातल्या एका चित्रकारावर मी इतका फिदा झालो, की कॉलेजात असताना मासिकाच्या पत्त्यावर त्याला पत्रच टाकलं. खाली माझा पत्ता लिहिला, कॅम्प पाच; आमच्याकडे वस्त्यांची नावंच तशी.

आठ महिन्यांनी चक्क उत्तर आलं! म्हाताऱ्याने लिहिलं होतं, ‘आमचं मासिक बंद पडलं. हल्ली मी बागेतले पक्षी काढतो. जन्मभर सैनिक आणि छावण्या काढल्या, पण खऱ्या छावणीतून पत्र पहिल्यांदाच आलं. तुला लवकर घरी जायला मिळो.’ सोबत चित्र होतं. तंबूंची रांग, आणि एका तंबूपुढे ट्रंकेवर बसलेला माणूस.

मी हसतच दुकानात गेलो. म्हटलं, “काका, बघा तरी! गोऱ्याला वाटलं, मी निर्वासित आहे!”

काका हसले नाहीत. फाळणीत सिंधमधून आले, तेव्हा त्यांना इथल्याच बराकीत जागा मिळाली होती. चित्र डोळ्यांजवळ धरून त्यांनी विचारलं, “लिखा क्या है?”

“तुम जल्दी घर जाओ, असं लिहिलंय.”

बराच वेळ ते त्या ट्रंकेकडे बघत राहिले. मग चित्र आणि पत्र दोन्ही घडी करून खिशात घातली.

“अहो काका, माझं आहे ते!”

“बेटा, पता तेरा था,” काका म्हणाले. “चिट्ठी मेरी है.”