परसातली रुई

दवाखान्यात मी देवाचं नाव घेत बसलो होतो. शेजारच्या बाकावर दोघी जावा होत्या. त्यांच्या सासूबाईंना डॉक्टर आत तपासत होते.

"परसातली रुई तोडलीस म्हणे?"

"मग काय करू, जाऊबाई? बोंडांवर लाल-काळ्या किड्यांचा नुसता बुजबुजाट. घरात शिरले असते."

"अगं, त्यांना रुईच्या बिया लागतात. तुझं घर घेऊन काय करायचंय त्यांना?"

"सासूबाईही हेच म्हणाल्या. खिडकीतून दिवसभर त्यांनाच तर बघायच्या."

"मग गेले का?"

"कुठले जातायत. खुंटावरच बसून राहिले. शेजारी माझे एवढे गुलाब, तिकडे ढुंकून पाहिलं नाही. मेले तिथंच."

"आणि सासूबाई?"

"तेव्हापासून जेवण टाकलंय. तुमच्याकडे न्या ना थोडे दिवस. जागा बदलली की खातील."

"माझ्याकडे कुठे न्यायचं? पलंगाला जागा नाही."

"दिवाणखान्यात झोपाळा मावला की."

दार उघडलं. नर्सबाई सासूबाईंना हाताला धरून बाहेर घेऊन आल्या.

"आजींना घरी कोण नेतंय?"

"ही नेईल."

"जाऊबाई मोठ्या आहेत."

सासूबाई भिंतीला धरून बाकावर टेकल्या.

"तुमचं ठरू दे निवांत. मी बसते इथंच."