गादीखालची पुरवणी

इक्बाल : छत्री मिटा सर, आधी छत्री मिटा. गाडीवर उघडी राहिली तर ठाण्याला जायच्या आधी कामतघरच्या तळ्यात उतराल.

सर : मिटली रे. एस.टी. स्टँडवर तासभर उन्हात उभा होतो, म्हणून धरली होती. बसू का आता?

इक्बाल : थांबा, सीट तापलीय. हे ओलं फडकं टाकतो. हां, बसा. पिशवी द्या, पुढे टाकीवर ठेवतो.

सर : नको. छातीशीच धरतो.

इक्बाल : मग मला कशानं धरणार?

सर : दुसऱ्या हातानं. तू चालव. चारच्या आत बाळकुमला पोचायचंय. चारला ती बाई घरातून निघते.

इक्बाल : बाई? सर, या वयात?

सर : इक्बाल, चेष्टेची वेळ नाही ही.

इक्बाल : बरं, नाही बोलत. आता तीन वाजून पाच. एरवी अर्ध्या तासाचा रस्ता. पण कशेळीच्या पुलावर सकाळपासून ट्रक आडवा झालाय, म्हणून तर तुमची एस.टी. हलत नाही. मी मधून काढतो गाडी. पिशवीत काय आहे ते तर सांगा.

सर : कागद.

इक्बाल : जमिनीचे?

सर : नाही. चल तू. वाटेत सांगतो.

इक्बाल : सांगा आता! अंजूरफाटा गेला.

सर : काय म्हणालास?

इक्बाल : सांगा म्हटलं! ओरडून सांगा, कानात वारा घुसतोय. वारा कसला, भट्टीचं तोंड उघडलंय कुणीतरी.

सर : दहावीच्या पेपरची पुरवणी आहे. एका मुलाची. मुलीचीही असेल. मला फक्त नंबर माहीत.

इक्बाल : तुमच्याकडे कशी? पेपर तर जमा झाले असतील ना?

सर : गठ्ठा नऊ दिवसांपूर्वी दिला. मराठीचे सव्वादोनशे पेपर. ही तेवढी राहिली.

इक्बाल : तुमच्याकडून? तुम्ही तर हजेरीवर शाईचा डाग पडला तरी रात्रभर झोपायचे नाहीत.

सर : माझ्याकडूनच. त्या पोरानं दोरा इतका घट्ट आवळला होता, की पुरवणीच्या वरच्या दोन ओळी आत दबल्या. न वाचता गुण कसे द्यायचे? म्हणून मी गाठ सोडली. तेवढ्यात लाइट गेली. माईनं खिडकी उघडली, आणि दुपारचा वारा आला तो सगळे कागद घेऊन खोलीभर फिरला.

इक्बाल : मग गोळा नाही केले?

सर : केले की. सगळे केले असं वाटलं. पण मध्येच पाहुणे आले, आणि दुसऱ्या दिवशी बसलो तेव्हा कुठला पेपर सोडला होता तेच आठवेना. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर 'पुरवणी एक' असं लिहिलेलं असतं. तेही पाहिलं नाही मी. निबंधापुढे 'लिहिला नाही' असा शेरा मारला आणि शून्य दिलं.

इक्बाल : आणि सापडली कुठे?

सर : आज माईनं गाद्या उन्हात टाकल्या. शेवटची गादी मी उचलली तर खाली फळीवर ही.

इक्बाल : पाय वर घ्या! सर, पाय! डांबर वितळलंय, घसरतेय गाडी!

सर : अरे, अरे...

इक्बाल : सावरली. अल्ला. लागलं का?

सर : नाही. चप्पल गेली.

इक्बाल : कुठे?

सर : मागे. पाय टेकला तर डांबरानं ठेवूनच घेतली. राहू दे, थांबू नकोस.

इक्बाल : अनवाणी पाय सायलेन्सरला लावू नका, भाजून निघाल. बाईंना द्यायची ती ही पुरवणी?

सर : सुचेताबाई. आमच्या मॉडरेटर आहेत. आम्ही तपासलेले पेपर त्या पुन्हा बघतात. आज चारला सगळ्या याद्या घेऊन बोर्डात जाणार. त्यांनी एकदा याद्या दिल्या की झालं. मग माझ्यासारख्याचं कोण ऐकतंय?

इक्बाल : फोन करायचा.

सर : त्यांच्याकडे फोन नाही. माझ्याकडे तरी कुठे आहे?

इक्बाल : मूळ पेपरात किती आहेत त्याला?

सर : चोवीस. माझ्या वहीत नोंद आहे.

इक्बाल : आणि ग्रेस?

सर : अकरा गुणांचा ग्रेस कोण देतं? हा निबंध पोचला तर पास, नाही तर नापास. एवढंच आहे ते. तू जरा जोरात घे.

इक्बाल : तुम्ही मला जोरात घे म्हणताय! शाळेत सायकल जोरात मारली म्हणून उभं केलं होतं. बरं, ते राहनाळच्या गोदामांवर बघा. आभाळ भरून आलंय.

सर : काळं दिसतंय खरं. पावसाचं असेल?

इक्बाल : आधी धूळ. डोळे मिटा, तोंड माझ्या पाठीला लावा. आली!

सर : इक्बाल, दिसतंय का तुला?

इक्बाल : नाही दिसत. ओ भाईसाब, लाइट जलाओ ना! अंधे हो क्या? बोलू नका सर, तोंडात माती जाईल.

सर : थेंब पडला. माझ्या हातावर पडला. इक्बाल, थांब, कुठंतरी थांब! शाईनं लिहिलेलं आहे!

इक्बाल : काल्हेर आलं. त्या गोदामाच्या पत्र्याखाली घेतो. उतरा, पळा आत.

सर : किती वाजले?

इक्बाल : तीन पंचवीस. श्वास घ्या जरा. पिशवी ओली झाली?

सर : वरून थोडी. आतली कोरडी आहे. हा पाऊस किती चालेल?

इक्बाल : वळवाचा पाऊस. दहा मिनिटं चालेल, नाही तर तासभर. सर, एक विचारू? कुणाकुणाला माहीत आहे हे?

सर : माईलासुद्धा सांगितलं नाही. फक्त तुला.

इक्बाल : मग कशाला चाललोय आपण? तुम्ही स्वतःच जाऊन सांगणार, माझ्याकडून पेपर हरवला. सोडतील तुम्हाला? किती वर्षं तपासताय?

सर : एकतीस. एकदाही बोट ठेवलं नाही कुणी.

इक्बाल : आणि आता निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. तेही कुणासाठी? आपली पुरवणी हरवली हेही ज्याला माहीत नाही, असं ते पोर. बिगर नावाचं.

सर : तू म्हणतोस ते मी सकाळीच करणार होतो.

इक्बाल : म्हणजे?

सर : स्टोव्हपाशी उभा राहिलो होतो. माई गच्चीवर होती. पुरवणी ज्योतीवर धरायला किती वेळ लागतो? कडा जरा पिवळी झालीय बघ इथे. ती उन्हानं नाही झाली.

इक्बाल : सर...

सर : मग हात मागे घेतला आणि वाचायला लागलो. निबंधाचा विषय 'उन्हाळ्यातील एक दुपार'. सव्वादोनशे पोरांनी गुलमोहर फुलवलाय आणि कोकिळेला बोलतं केलंय. या पोरानं लिहिलंय, 'आमचे घर पत्र्याचे आहे. दुपारी सावलीसुद्धा आमच्या घरात बसत नाही, बाहेर येऊन भिंतीला टेकते. आई मला म्हणते, जा, तूपण तिच्याजवळ बस.'

इक्बाल : हे दहावीतल्या पोरानं लिहिलं?

सर : हो. मी वीसपैकी अकरा दिले.

इक्बाल : बरोब्बर अकरा?

सर : तेच तर. अकराच लागतात हे मला वाचण्याआधीच माहीत होतं. मग हे निबंधाला दिले, की माझ्या चुकीला? म्हणून पुन्हा वाचला. जरा कडक होऊन. तर नऊ झाले.

इक्बाल : नऊ म्हणजे एकूण तेहतीस.

सर : हो. तिसऱ्यांदा वाचायचं धैर्य झालं नाही.

इक्बाल : मलाही तेहतीसच होते.

सर : आठवतं मला.

इक्बाल : मराठीतच. ग्रेस सगळा गणितानं खाल्ला. सत्त्याहत्तर साल. बाबा मला घेऊन तुमच्या घरी आले होते. मी बोललो, सर, मी दोन पुरवण्या जोडल्या होत्या, फेरतपासणीचा फॉर्म भरू का? तुम्ही काय बोललात?

सर : इक्बाल...

इक्बाल : तुम्ही बोललात, 'बोर्डात अशा चुका होत नसतात. अभ्यास कर.' बाबांनी तिथेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी लूमवर. शिफ्ट दिवसाची, नंतर रात्रीची. आज स्वतःचे बारा लूम आहेत, तक्रार नाही माझी. पण दहा वर्षं मी समजत होतो, की एक पुरवणी मी जोडलीच नसेल. आणि माझी कुणाच्या गादीखाली होती, सर?

सर : मला माहीत नाही. मी तुझा पेपर तपासला नव्हता.

इक्बाल : ते मला कळतं.

सर : पण बोललो ते मी बोललो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. मी चुकीचं सांगितलं तुला. मला माफ कर, असंही कसं म्हणू? तुला परत जायचं असेल तर जा. मी चालत जाईन.

इक्बाल : एका चपलेनं? पुलापलीकडे? पावसात?

सर : प्रयत्न करीन.

इक्बाल : बसा इथे. पिशवी धरून बसा. हलू नका.

सर : कुठे चाललास? इक्बाल! तीन पस्तीस झाले!

इक्बाल : ही घ्या. आतल्या हमालाकडून आणली. सुताचे कोन येतात ना, त्यांची प्लास्टिकची पिशवी. दोन घेतल्या, एकात एक. पुरवणी घाला, तोंडाला गाठ मारा. अशी नाही, मला द्या. गाठ मारणं हा माझा धंदा आहे. आता सदऱ्याच्या आत घाला.

सर : पाऊस थांबायची वाट नको बघायला?

इक्बाल : बघितली तर चार वाजतील. बसा. आणि दोन्ही हातांनी मला धरा या वेळेस.

सर : केवढी रांग आहे ही!

इक्बाल : पूल आला. आत घेतो, गुडघे आवळा. ओ सरदारजी, ज़रा टायर मोडो! बस, बस, हो गया! डाव्या बाजूला बघू नका, खाडी आहे.

सर : मी डोळे मिटलेत.

इक्बाल : चांगलं केलंत. अरे... नको ना गं, इथे नको...

सर : काय झालं? थांबलास का?

इक्बाल : बंद पडली. प्लगमध्ये पाणी गेलं. किक घेत नाही.

सर : ढकलू या. उतरतो मी. ढकलू या, इक्बाल!

इक्बाल : सर, तुम्ही हँडल धरा, मी मागून लावतो जोर.

सर : मला धरता येत नाही हँडल. मी मागून लावतो.

इक्बाल : छातीवर जोर घेऊ नका! आणि पाय जपा, खडी आहे!

सर : तू पुढे बघ!

(बाळकुमला एका चाळीचा पहिला मजला. दार अर्धं उघडं. दारात प्रवासाची बॅग.)

सुचेताबाई : टिपणीस सर? अहो, हे काय? पाय कशानं कापला? आत या.

सर : आत नको, फरशी ओली होईल. किती वाजले?

सुचेताबाई : चारला दोन कमी. रिक्षा खाली उभी आहे माझी. झालंय काय?

सर : ही पुरवणी. माझ्या गठ्ठ्यातली. घरी राहिली होती. हा इक्बाल, माझा विद्यार्थी, यानं आणलं मला. इक्बाल, गाठ सोड रे.

सुचेताबाई : घरी राहिली? सर, हे आता...

सर : निबंधाला मी शून्य दिलंय. तो शून्याचा नाही.

सुचेताबाई : याद्या बांधून झाल्यात माझ्या. बरं, एक करते. गठ्ठे अजून माझ्याकडेच आहेत. लिहून देते, गठ्ठ्यातच सुटी सापडली. पोराचंही होईल, तुमचंही नाव येणार नाही.

इक्बाल : घ्या सर. बाई देतायत तर.

सर : तसं लिहिलंत, तर नऊ दिवस ती तुमच्या नजरेतून सुटली असा अर्थ होईल. नाही. 'परीक्षकाच्या घरी राहिली' असंच लिहा. मी सही करतो.

सुचेताबाई : चौकशी लागेल. पुन्हा पेपर मिळायचे नाहीत तुम्हाला.

सर : नकोतच मिळायला. मला आता माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटत नाही.

सुचेताबाई : किती गुण द्यायचे याला?

सर : ते मी सांगणार नाही. तुम्ही वाचा. यादीतला त्याचा आकडा आधी बघू नका, एवढी विनंती.

सुचेताबाई : रिक्षावाला ओरडतोय.

इक्बाल : मी बघतो त्याला. ए भाई, रुको दो मिनिट! मीटर चालू रखो!

सर : सावकाश वाचा.

सुचेताबाई : 'सावलीसुद्धा आमच्या घरात बसत नाही...' हं. शेवट गडबडीत उरकलाय. पण बारा. बारा देते मी. तुम्ही किती दिले होते?

सर : अकरा.

सुचेताबाई : कंजूष आहात. करा इथे सही.

इक्बाल : सर, हळू उतरा, जिना निसरडा आहे. ऊन पडलं परत. बघा, मघाशी काही झालंच नव्हतं असं.

सर : प्लग पुसलास का?

इक्बाल : पुसला. आता बसा निवांत. चोवीस आणि बारा, छत्तीस. सर, मुलगा होता की मुलगी? निबंधावरून काही कळलं?

सर : नाही.

इक्बाल : म्हणजे त्याला कधी कळणारच नाही, तुम्ही किती लांबून काय काय करत आलात ते. निकालाच्या दिवशी पेढे वाटेल आणि समजेल, आपला आपण पास झालो.

सर : आपला आपणच झालाय तो, इक्बाल.